रोमनांची सरहद्द आणि इंग्रजांचा कायदा

न्यूकॅसलहून पश्चिमेस निघालेली आगगाडी टाइन नदीच्या कांठाकांठानें हॉल्टव्हिसल नांवाच्या लहानशा गांवीं पोंचते. तेथून रोमन भिंतीकडे जाणाऱ्या बसचा क्रमांक 'एडी १२२' असा आहे. हेड्रियन बादशहा ब्रिटनमध्यें आला आणि या भिंतीचें काम सुरू झालें तें वर्ष इसवी सन १२२. तेंच बसच्या कपाळीं लिहून टाकण्याची ही इंग्रजी विनोदबुद्धि मला मोठी गमतीची वाटली. जून महिना होता, परंतु वारा असा बोंचरा कीं आपल्याकडील मार्गशीर्षाची आठवण व्हावी. बसमध्यें आम्ही सात-आठ प्रवासी होतों. त्यांतील बहुतेकांच्या हातीं काठ्या व पाठीवर पिशव्या. भिंतीच्या कडेनें या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत ८४ मैलांची पाऊलवाट २००३ सालीं अधिकृतपणें खुली झाली, तेव्हांपासून असे वारकरी येथें नित्य दिसतात.

बस मला ज्या रस्त्यावर सोडून गेली, त्याला 'मिलिटरी रोड' म्हणतात. चढउतारांस न जुमानतां तो बाणासारखा सरळ जातो, आणि त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १७४५ सालीं चार्ल्स स्टुअर्टचें स्कॉटिश सैन्य पश्चिमेकडील कार्लाइल शहरावर चालून आलें. त्या वेळीं सरकारी सेनापति जनरल वेड पूर्वेकडे न्यूकॅसल येथें सैन्य घेऊन बसला होता; परंतु मधल्या डोंगराळ मुलुखांतून तोफा नेण्याजोगा रस्ता नसल्यामुळें त्याला वेळेवर जातां आलें नाहीं, व कार्लाइल पडलें. बंड मोडल्यानंतर पार्लमेंटनें १७५१ सालीं खास कायदा करून हा रस्ता बांधविला. (लोक तो अजून वेडच्याच नांवावर मोडतात, वस्तुतः वेड १७४८ सालींच वारला होता.) रस्ता सरळ हवा, भक्कम पाया हवा आणि खडी जवळच मिळावी, या तिन्ही गरजा रोमनांनीं जणूं आगाऊच भागवून ठेवल्या होत्या. भिंत पाडली, तिचे दगड फोडले आणि कित्येक मैलपर्यंत तिच्याच पायावर रस्ता अंथरला. ज्या पार्लमेंटनें पुढें या भिंतीच्या रक्षणासाठीं कायद्यामागून कायदे केले, त्याच पार्लमेंटनें प्रथम कायदा करून ती पाडली, ही गोष्ट मनाशीं घोळवीत मी टेकडी चढूं लागलों.

माथ्यावर आल्यावर भिंत एकदम दिसते. उत्तरेस तुटलेला काळा कडा, त्या कड्याच्या अगदीं धारेवरून डुलत डुलत जाणारी करड्या दगडांची रेषा, आणि पलीकडे क्षितिजापर्यंत ओसाड कुरणें. कडा ज्या काळ्या फत्तराचा आहे तो पाहून सह्याद्रीच्या माणसाला परकें वाटत नाहीं. भिंत मात्र वालुकाश्माच्या घडीव चिऱ्यांची आहे. पूर्वेकडील वॉल्सएंडपासून पश्चिमेकडे सॉल्वे खाडीवरील बोनेसपर्यंत तिची लांबी ७३ इंग्रजी मैल, म्हणजे रोमन मापानें ८० मैल भरते. तीन रोमन पलटणींनीं ती बांधली. दर रोमन मैलास दरवाजा असलेली एक गढी, दोन गढ्यांच्या दरम्यान टेहळणीचे दोन बुरूज, मधून मधून मोठीं लष्करी ठाणीं, उत्तरेस खंदक आणि दक्षिणेस दोन बांधांच्या मधला आणखी एक रुंद चर, असा हा सारा पसारा आहे. आपल्याकडील गडांचा तट डोंगराला वळसा घालून शेवटीं स्वतःलाच येऊन मिळतो. ही भिंत तशी कोठेंच मिटत नाहीं. ती एका समुद्राकडे पाठ फिरवून दुसऱ्या समुद्राकडे चालत सुटते.

परंतु ही सगळी भिंत उभी आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. सुमारें नऊ दशांश भाग आज डोळ्यांस दिसत नाहीं. तो शेतांखालीं, रस्त्यांखालीं व न्यूकॅसलच्या वस्तीखालीं गाडला गेला आहे. आणि दगड म्हणाल तर ते गांवोगांव पांगले आहेत. सातव्या शतकांत हेक्सम येथें बांधलेल्या मठाचें तळघर रोमन दगडांचें आहे. लॅनरकॉस्टचा मठ, थर्लवॉलचा किल्ला, आसपासच्या शेतकऱ्यांचीं घरें, गोठे, कुंपणें, सगळ्यांनीं रोमन दगडांवर हात मारला आहे. यांत कोणाला पाप वाटत नसे. पडक्या वाड्याचे चिरे उचलून नवें घर बांधणें हें आपल्याकडेही कोठें कोणाला पाप वाटतें?

१८०१ सालीं बर्मिंगहॅमचा विल्यम हटन नांवाचा एक पुस्तकविक्या, वयाच्या ७८ व्या वर्षीं, घरापासून पायीं चालत येऊन या भिंतीची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत यात्रा करून गेला. प्लेनट्रीझ येथें २२४ यार्ड लांब व साडेसात फूट उंच अशी भिंत आपल्याला पाहावयास मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु जमीनमालकानें घर बांधण्यासाठीं त्याच वर्षीं त्यांतील ९५ यार्ड उकलून नेली होती, आणि मजुरांचें काम चालूच होतें. म्हाताऱ्यानें मालकाकडे निरोप पाठविला कीं, कृपा करून हें थांबवा. निरोपाखेरीज त्याच्या हातीं दुसरें काय होतें? आपल्या जमिनींतील दगड आपण घ्यावयास इंग्रजी कायद्याची मुळींच हरकत नव्हती. प्लेनट्रीझचा एक तुकडा आज शिल्लक आहे.

कायद्याच्या आधीं भिंतीच्या मदतीस धांवून आला तो एका वकिलाचा पैसा. न्यूकॅसल नगरपालिकेचा चिटणीस जॉन क्लेटन याच्या चेस्टर्स येथील घरच्या बागेंतच एक रोमन ठाणें होतें. १८३४ पासून त्यानें भिंतीकांठचीं शेतें जसजशीं विक्रीस येत तसतशीं विकत घेण्याचा सपाटा चालविला. १८९० सालीं तो वारला त्या वेळीं हाउसस्टेड्स, विंडोलंडा यांसारखीं पांच ठाणीं व भिंतीचा बराच मोठा भाग त्याच्या मालकीचा झाला होता. ढांसळलेले चिरे गोळा करून त्यानें ते पुन्हा रचविले व वर हिरवळीच्या ढेपा बसविल्या. आज चित्रांतून जी भिंत आपण पाहतों ती पुष्कळ ठिकाणीं क्लेटनची आहे. शुद्ध पुराणवस्तुशास्त्राच्या दृष्टीनें या पुनर्रचनेवर आक्षेप घेतां येतील, व ते घेतलेही जातात. परंतु त्यानें ती जमीन घेतली नसती तर आक्षेप घेण्यासाठीं तरी काय उरलें असतें, असा प्रश्न माझ्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

इकडे पार्लमेंटमध्यें प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा १८८२ सालीं झाला. सर जॉन लबक यांनीं त्यासाठीं पुष्कळ वर्षें खटपट केली होती. परंतु मालकी हक्काला धक्का लागेल या भीतीनें त्याचे दांत अगोदरच काढून घेतलेले होते: मालकाची खुषी असेल तरच सरकारनें स्मारक ताब्यांत घ्यावें. शिवाय त्याची यादी मुख्यतः इतिहासपूर्वकालीन दगडी वर्तुळांची व थडग्यांची होती. रोमन भिंत तींत नव्हती. येथें एक मौजेची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. हिंदुस्थानांत लॉर्ड कर्झननें १९०४ सालीं प्राचीन स्मारकांचा जो कायदा केला, तो त्या वेळच्या विलायतेंतील कायद्यापेक्षां कडक होता. जित लोकांच्या मालकी हक्काची चिंता राज्यकर्त्यांस घरच्याइतकी नसावी! तोच कर्झन परत गेल्यावर १९११ सालीं लिंकनशायरमधील टॅटरशॉलचा किल्ला मोडतोडीपासून सोडवून स्वतः विकत घेता झाला, आणि १९१३ सालीं इंग्लंडांत खरा सक्तीचा कायदा आला तेव्हां त्याच्या पुरस्कर्त्यांत होता. हा कायदा आल्यावर मालकाला आपल्याच शेतांतील यादींत नोंदलेलें स्मारक सरकारला न कळवितां पाडतां येईना.

भिंत सुरक्षित झाली असें आतां कोणासही वाटलें असतें. परंतु खरें संकट अजून यावयाचें होतें, आणि तें भिंतीवर नव्हे तर भिंतीखालीं आलें.

तें कसें, हें मीं आदल्या दिवशीं पाहिलें होतें. हॉल्टव्हिसलहून ओढ्याच्या कांठानें चालत गेलें असतां कॉफील्ड्स नांवाचें ठिकाण लागतें. तेथें एक नीटस रोमन गढी आहे, आणि तिच्या जवळच भिंत कड्यावरून येतां येतां एकाएकीं संपते. संपते म्हणजे पडली आहे असें नव्हे. तिच्या पायाखालचा डोंगरच नाहींसा झालेला आहे. खालीं सरळ तुटलेली दगडाची भिंताड आणि निळ्याकाळ्या पाण्याचा डोह. ही जुनी दगडाची खाण. मोटारी आल्या, डांबरी रस्ते आले, त्यांना खडी हवी. आणि खडीला या काळ्या फत्तराइतका उत्तम दगड दुसरा नाहीं. आतां ती खाण बंद असून डोहाच्या कांठीं सहलीला आलेल्या कुटुंबांच्या मोटारी उभ्या राहतात.

क्लेटनच्या वारसांची जमीन १९२९ सालीं विकली गेली, आणि लौकरच या कड्यांच्या रांगेंत नव्या, फार मोठ्या प्रमाणावर खाणी काढण्याची योजना पुढें आली. कायद्याप्रमाणें स्मारक म्हणजे भिंत. तिच्या चिऱ्याला हात लावण्यास बंदी. पण शेजारचा डोंगर सुरुंगानें उडविण्यास कोणती बंदी? खाणवाला भिंतीला न शिवतां तिला हवेंत लोंबकळत ठेवूं शकत होता. वर्तमानपत्रांतून गिल्ला झाला, विद्वानांनीं निषेध केला. दुसरी बाजूही तितकीच खरी होती: ते दिवस भयंकर बेकारीचे होते, आणि खाण निघाली तर या दरिद्री मुलुखांतील पुष्कळ घरांत चूल पेटणार होती. गंमत अशी कीं, हा निवाडा ज्याच्याकडे आला तो बांधकाम खात्याचा मंत्री जॉर्ज लॅन्सबरी हा जन्मभर गरिबांसाठीं झगडलेला मजूर पक्षाचा पुढारी होता. १९३१ सालीं नवा कायदा झाला. स्मारकाच्या भोंवतालच्या प्रदेशाचीही 'संरक्षण योजना' आंखण्याचा अधिकार सरकारास त्यानें प्रथमच दिला. अर्थात् नुकसानभरपाईचा घोळ पुष्कळ वर्षें चालला, व जुन्या खाणींपैकीं वॉलटाउनची खाण तर १९७० नंतरही कांहीं वर्षें दगड काढीत होती. तेथें भिंतीचा जो भाग गेला तो गेलाच.

कॉफील्ड्सच्या डोहाशीं एक वृद्ध शेतकरी कुत्र्याला घेऊन बसला होता. मी हिंदुस्थानांतला, आणि मुद्दाम भिंत पाहावयास आलों आहें, हें कळल्यावर तो मोकळेपणानें बोलूं लागला. त्याचे आजोबा खाणकामगार होते. सुरुंगासाठीं भोंकें पाडण्याचें काम करीत. "भिंत राहिली हें चांगलेंच झालें," तो म्हणाला, "माझ्या सुनेच्या घरीं उतरणारे पाहुणे तिच्याचसाठीं येतात. पण त्या वेळीं लंडनचीं पत्रें जें छापीत होतीं तें वाचून आमचे आजोबा फार चिडत. तीं पत्रें लिहिणाऱ्यांपैकीं कोणाच्या घरीं संध्याकाळची भाकरी अडली नव्हती, असें ते म्हणत." मग त्यानें आपली स्वतःची तक्रार सांगितली. त्याच्या शेतांतून तो रोमन चर जातो. कुंपणाचा खांब कुजला तर नवा खळगा खणण्यापूर्वीं सरकारची लेखी परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत मेंढ्या शेजाऱ्याच्या शेतांत. मीं विचारलें, "मग परवानगी न घेतां खणतां काय?" तो हंसला व म्हणाला, "माझ्या बापानें खणला असता."

ही परवानगी १९७९ च्या कायद्याची. यादींतील स्मारकाच्या जागीं कांहीं पाडणें, बांधणें, खणणें, भर घालणें यांसाठीं मंत्र्याची पूर्वसंमति हवी; जाणूनबुजून नासधूस करणाऱ्यास कैदेचीही शिक्षा आहे. जमिनींतील धातु शोधण्याचें यंत्र घेऊन परवानगीवांचून तेथें फिरणें हासुद्धां गुन्हा. कारण रात्रीं येऊन नाणीं उकरून नेणाऱ्यांचा उपद्रव या बाजूस पुष्कळ. परंतु त्याच कायद्याच्या पोटांत एक सवलत आहे. जें शेत पूर्वींपासून नांगरलें जात आलें आहे तें त्याच खोलीपर्यंत नांगरीत राहण्यास हरकत नाहीं. खांबाला परवानगी आणि नांगराला मोकळीक, हें त्या म्हाताऱ्याला उमगत नव्हतें, व खरें सांगावयाचें तर मलाही नीटसें उमगलें नाहीं.

असो. दुसऱ्या दिवशींच्या कड्यावरील वाटेवर परत येतों. चढउतार करीत गेलें म्हणजे दोन टेकाडांच्या मधल्या खोल खिंडींत भिंत उतरते व पुन्हा चढते. या खिंडींत सिकॅमोर जातीचें एकच एक डेरेदार झाड उभें होतें. तें रोमन काळचें नव्हे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें. पण खिंडीच्या अगदीं मध्यावर असें कांहीं उभें कीं चित्रकाराला आणखी मागावयास नको. २०२३ सालच्या सप्टेंबरांत एका वादळी रात्रीं दोघांनीं येऊन यांत्रिक करवतीनें तें तोडलें. झाड भिंतीवर पडलें व कांहीं चिऱ्यांना इजा झाली. २०२५ सालीं दोघांवर गुन्हा शाबीत होऊन प्रत्येकास चार वर्षें तीन महिन्यांची कैद झाली. आरोपांत झाडाचें नुकसान ६,२२,१९१ पौंड व भिंतीचें १,१४४ पौंड मांडलेलें होतें. हे आंकडे मीं तेथें बसून पुन्हा पुन्हा मनांत म्हणून पाहिले. रोमन सरहद्दीच्या अंगावर पडलेल्या घावाची किंमत अकराशें चव्वेचाळीस पौंड! झाडासाठीं सारा देश रडला, भिंतीबद्दल कोणी विशेष बोललें नाहीं. आणि यांत लोकांचें चुकलें असें मला म्हणवत नाहीं. दगड पुन्हा बसवितां येतात. मी गेलों तेव्हां बुंध्याभोंवतीं कुंपण होतें, आणि आंत नवे धुमारे फुटलेले दिसत होते.

पुढें हाउसस्टेड्सचें ठाणें लागतें. भांडारगृहाचे जोते, सेनापतीचा वाडा, शिपायांच्या बराकी, शौचकूपाच्या बाजूचे पाण्याचे पाट, सगळें तळखड्यापर्यंत स्पष्ट दिसतें. येथें पहारा करणारे लोक रोमचे नव्हते. आजच्या बेल्जममधील तुंग्री जमातीची ती पलटण होती. ठाणें १९३० पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचें आहे, त्याची देखभाल दुसरी संस्था करते, आणि दोघींवर कायद्याचा डोळा सरकारचा. शिवाय १९८७ पासून सबंध भिंत युनेस्कोच्या जागतिक वारशांत आहे. तींत २००५ सालीं जर्मनींतील ५५० किलोमीटरची सरहद्द व २००८ सालीं स्कॉटलंडांतील अँटोनाइनची भिंत जोडली गेली; ऱ्हाइन व डॅन्यूब यांच्या कांठच्या सरहद्दी २०२१ सालीं आणि रुमानियांतील डेसिया २०२४ सालीं स्वतंत्रपणें नोंदल्या गेल्या. मात्र हा किताब म्हणजे कायदा नव्हे. भिंतीशेजारीं घर उठूं द्यावयाचें कीं नाहीं, तें ज्या त्या देशाच्या नियमांनींच ठरतें. आपल्याकडील रायगड, राजगड प्रभृति बारा गडांना २०२५ सालीं तोच मान मिळाला. परंतु रायगडाभोंवतीं शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम होऊं नये ही बंदी घालतो तो आपला १९५८ चा, व २०१० सालीं दुरुस्त झालेला कायदा. इंग्लंडांत असें ठराविक मापाचें वर्तुळ नाहीं; प्रत्येक प्रकरणीं जागा पाहून वाद घालावा लागतो. कोणतें बरें, हें ठरविण्याइतका मी कायदेपंडित नाहीं.

हाउसस्टेड्सच्या नैर्ऋत्येस, दोन टेकड्यांपलीकडे, विंडोलंडा आहे. तें सकाळीं बसनें येतां येतां प्रथम पाहून घेतलें होतें. भिंतीच्याही आधींचें हें ठाणें. येथील चिखलानें हवा आंत येऊं न दिल्यामुळें चामड्याचे हजारों जोडे आणि शाईनें लिहिलेल्या पातळ लांकडी पट्ट्या अठराशें वर्षांवर कुजल्यावांचून राहिल्या. १९७३ सालीं त्या पट्ट्या प्रथम हातीं आल्या. त्यांत क्लॉडिया सेव्हेरा नांवाच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीनें सुल्पिसिया लेपिडिना या आपल्या मैत्रिणीस वाढदिवसाला येण्याचें निमंत्रण पाठविलें आहे. मजकूर लेखनिकाच्या हातचा, आणि शेवटीं चार ओळी तिनें स्वतः, किंचित् ओबडधोबड अक्षरांत, घातलेल्या. ज्या भगिनींनीं सासरहून मैत्रिणीला पत्र लिहून घेतांना कडेला दोन ओळी स्वतः खरडल्या असतील, त्यांना या पट्टीबद्दल अधिक सांगावयास नको.

परंतु पश्चिमेकडे मॅग्ना म्हणून जें ठाणें आहे, तेथील दलदल आतां वाळूं लागली आहे. उन्हाळे कडक झाले, पाण्याची पातळी खालीं गेली, आणि मातींत हवा शिरूं लागली. म्हणून २०२३ पासून तेथें पांच वर्षांचें उत्खनन घाईनें हातीं घेतलें आहे. २०२५ सालीं ३२ सेंटिमीटरांहून लांब तळव्याचा एक जोडा तेथें निघाला. त्या शिपायाच्या धिप्पाडपणाबद्दल तर्ककुतर्क चालू आहेत. मॅग्ना यादींत आहे, तेथें एक खुंटी ठोकावयाची तर परवानगी लागते. तरीही, कोणीही कायदा न मोडतां, अशी एखादी पट्टी मातींतल्या मातींत या घटकेस चुरा होत असेल. संरक्षण करावयाचें म्हणजे हात लावूं नये, हा १८८२ पासूनचा मूळ सिद्धांत. आणि येथें वांचवावयाचें तर खणलेंच पाहिजे. याबद्दल मीं वस्तुसंग्रहालयांतील एका तरुण बाईंना विचारलें. त्या इतकेंच म्हणाल्या, "आम्ही जेवढें खणूं तेवढें वाचूं. बाकीचें कोणीच वाचणार नाहीं."

संध्याकाळीं हेक्समकडे जाणारी बस मिळाली. थोडें पूर्वेस गेल्यावर मिलिटरी रोड भिंतीच्या रेषेवर चढतो व मैलांमागून मैल तिच्यावरूनच जातो. डाव्या हातास रोमन खंदक, उजव्या हातास तो दुहेरी बांधांचा चर, आणि मध्यें जेथें भिंत असावयाची तेथें आमची बस. यादींतील नोंद करणाऱ्यांनीं याही ठिकाणचा निवाडा करून ठेवला आहे: रस्त्याचा पृष्ठभाग संरक्षणांतून वगळलेला, त्याच्या खालची जमीन मात्र संरक्षित. म्हणजे डांबर फोडावयास मोकळीक आहे, त्याखालच्या दगडास नाहीं. १७५१ च्या कायद्यानें जें गाडलें, तें आतां दुसऱ्या कायद्याच्या पहाऱ्यांत आहे, आणि त्या दोघांच्या मधून चाकें फिरत असतात. चालकाला मीं विचारलें कीं, आपण आतां भिंतीवरूनच चाललों आहोंत ना? "होय," तो आरशांत पाहून म्हणाला, "पुढच्या चढावर थोडा धक्का बसेल, धरून बसा."